त्रेचाळीस घरांची फाइल

“आता हे सांगितलं तर कुणाचा बाप विश्वास ठेवणार नाही,” म्हणत म्हाताऱ्याने खुर्ची फिरवली आणि चहाचा कप बंद पडलेल्या प्रिंटरवर ठेवला. धरणाच्या कचेरीतला तो पहिला प्रोग्रामर. तोंडावर सगळे त्याला काका म्हणत, पाठीमागे थापाड्या. उद्यापासून तो निवृत्त. त्याचं काम हाती घेणारी मुलगी शेजारी बसून पीएचपी भाषेतला त्याचा जुना कोड वाचत होती.

“सोडा, जाता जाता शेवटची पुडी सोडा,” हेडक्लार्क म्हणाला.

“पुडी कसली? पुरावा इथं बसलाय!” म्हाताऱ्याने मुलीकडे हात केला. “चोवीस वर्षांपूर्वी भर दुपारी धरणाचे दरवाजे उघडायचं ठरलं. खालच्या गल्लीत त्रेचाळीस घरं. सगळ्यांना फोन करायचा. माझ्या प्रोग्राममध्ये दोन ऑब्जेक्ट होते, कामाचे दोन गडीच म्हणा. एक डेटाबेसमधून घरं काढायचा, दुसरा ती टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा. सख्खे भाऊ, पण हाडवैर! काढणारा ओरडतोय, घे, त्रेचाळीस! लिहिणारा म्हणतो, छे, मी एकच लिहिणार. जिथं तान्हं मूल आहे, तेवढंच.”

“म्हणजे यंत्राला रडणं ऐकू आलं?” हेडक्लार्क हसत म्हणाला.

“मीच दया घातली होती ना त्याच्यात! टेलिफोनवाली बाई म्हणाली, एकच नंबर कसा हो? म्हटलं, बाई, यंत्र चुकत नाही. तुम्ही लावा.”

त्या एका फोनवर मुलीची आई तिला दुपट्यात गुंडाळून टेकडीवर धावली होती. उरलेल्या बेचाळीस घरांत फोन वाजला नाही, पाणीच आलं. मुलगी ही गोष्ट ऐकत वाढली होती. दर वाढदिवसाला आई म्हणे, यंत्राने तुला निवडलं. ती या कामाकडे वळली तीही त्यामुळेच.

तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“काका, त्या लिहिणाऱ्याच्या क्लासच्या, म्हणजे त्याच्या कोडच्या, दोन प्रती आहेत इथं.”

“असतील. जुनी अडगळ.”

“पहिलीत फाइल लूपच्या, म्हणजे घरागणिक पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या आत उघडलीय. दर घराला नव्याने, आधीचं पुसून. त्रेचाळिसांतलं शेवटचं तेवढं उरतं. गल्लीत आमचं घर शेवटचं होतं.”

हेडक्लार्क हसायचा थांबला.

“अगं पोरी, तेव्हा कुणाला एवढं कळत...”

“तुम्हाला कळलं होतं. दुसरी प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी सातची आहे. गल्लीतून माणसं अजून बाहेर काढत होते, आणि तुम्ही इथं बसून फाइल उघडायची ती एक ओळ लूपच्या बाहेर काढत होतात. गोष्ट तुम्ही त्यानंतर रचलीत.”