माईणकरांनी ठेवलेला घोट

उदय ताम्हनकरांच्या नव्या ब्रुअरीत आधी बिअर माणसाची चव घेई आणि मग माणसाने बिअरची घ्यायची. ग्लासात बोट बुडवून थोडा वेळ धरायचं. हवं ते बिअर बोटातून ओढून घेई, ग्लास भरत चढे, आणि मग तो प्यायचा. सांगलीत या गोष्टीची चर्चा झाली, पण कुणाला त्यात वावगं असं काही वाटलं नाही. श्रीनिवास माईणकरांनाच तेवढे हे नसते चोचले वाटले.

माईणकरांचं चहा पावडरीचं दुकान होतं. चिमूटभर पावडर जिभेवर ठेवून ते ती कुठल्या मळ्यातली हे सांगत, आणि चुकलं तरी त्यांना तसं सांगायची कुणाची छाती होत नसे. या जिभेचा त्यांना असा काही गर्व होता की घरी, लग्नात, दुसऱ्याच्या बारशातसुद्धा ते कुठलाही पदार्थ पुरता संपवत नसत. वाटीत एक घास, कपात एक घोट मागे ठेवायचा आणि भांडं दोन बोटांनी पुढे सरकवायचं. समजणाऱ्याने समजून घ्यावं. वैजयंतीबाई पानात काही टाकू नये असं शिकवणाऱ्या घरातून आल्या होत्या. ती सरकवलेली वाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, काही कमी पडलं का. माईणकर म्हणाले होते, "ठीक आहे." पुढे बाईंनी विचारणं सोडून दिलं. वाटी उचलायच्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून तो घास स्वतः खाऊन टाकायच्या. इतकी वर्षं तेच चाललं होतं.

ताम्हनकर हे माईणकरांचे साडू, वैजयंतीबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बँकेतली चांगली नोकरी मुदतीआधी सोडून हा माणूस हरिपूरला गेला आणि पुरात बुजलेलं एक पेव उपसून बसला. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्या पोटात त्यांनी टाक्या आणि टेबलं मांडली आणि शहाण्यासुरत्या लोकांना शिडीने खाली उतरवून बिअर पाजायला सुरुवात केली. माईणकरांच्या मते याला अक्कल लागत नाही, फक्त भांडवल लागतं.

ब्रुअरीकडे जाताना रिक्षात वैजयंतीबाईंनी माईणकरांकडे एकच गोष्ट मागितली. "आज ग्लास पुरता संपवा. उदयसाठी नाही, माझ्यासाठी."

"बघू," माईणकर म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे नाहीच असतं, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्या बाहेर न बघता त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

खाली उतरल्यावर घागरीत उतरल्यासारखं वाटलं. भिंती अजून पिवळ्या होत्या, टेकलेल्या माणसांच्या बाह्या पिवळ्या होत होत्या. दाढ्या राखलेली मंडळी ग्लास दिव्याशी धरून कशात कसला वास मागाहून येतो यावर बोलत होती आणि भडंगाचे बकाणे भरत होती. माईणकरांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. एकालाही चव म्हणून काही कळत नव्हतं.

शेडबाळे नावाचे वाढपी लाकडी फळीवर छोटे ग्लास घेऊन आले. आधी ते मंगल कार्यालयात वाढत, त्यामुळे त्यांनी ग्लाससुद्धा पंगतीत वाढल्यासारखे डावीकडून मांडले. वैजयंतीबाईंनी बोट बुडवलं मात्र, ग्लास भरभरून वर आला आणि टेबलावरून ओघळ वाहिला. फोडणीचा, कैरीचा, ओल्या केसांचा वास पेवभर पसरला. शेजारच्या टेबलावरच्यांनी चमचाभर मिळेल का म्हणून विचारलं. बाई लाजल्या, पण त्यांनी दिली.

माईणकरांनी बोट बुडवलं. काहीच झालं नाही. त्यांनी बराच वेळ बोट धरून ठेवलं, तेव्हा कुठे ग्लास केसभर चढला.

"कधीकधी वेळ लागतो," ताम्हनकर जवळ येऊन म्हणाले. "सापडलं नाही तर बिअर शोधत बसते."

माईणकर प्याले. तळाशी एक घोट ठेवून त्यांनी ग्लास दोन बोटांनी पुढे सरकवला. "सपक आहे," ते म्हणाले.

"ती चव बिअरची नाही, श्रीनिवासराव," ताम्हनकर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नम्र होता, आणि माईणकरांना तो जास्तच झोंबला.

शेडबाळेंनी उरलेला घोट टाकला नाही. एका उंच ग्लासात ओतून ठेवला. माईणकरांनी विचारलं, हे कशासाठी. "पानातलं टाकायची आमच्याकडं पद्धत नाही, साहेब," ते म्हणाले आणि दुसरा ग्लास पुढे केला. तेवढ्यात माईणकरांना दिसलं की बुडवलेलं बोट दोनदा उकळलेल्या चोथ्यासारखं फिकं पडलंय आणि त्याला टेबलाचा स्पर्श कळत नाही.

गुळाच्या बिअरने त्यांचा कोपरापर्यंतचा हात घेतला. त्यातलाही एक घोट त्यांनी ठेवला. पेवाची भिंत पुढे आली तशी लोकांनी मुकाट्याने खुर्च्या आत ओढल्या. काही जण उठून शिडीने वर गेले आणि भिंतीने त्यांच्या जागा घेतल्या. वैजयंतीबाई त्यांच्याकडे न बघता उंच ग्लासाकडे बघत होत्या. तो आता अर्धा भरला होता, आणि त्यात माईणकरांच्या बाहीचं बटण तरंगत होतं.

काळी बिअर आली. तिने मात्र शोधायला वेळ लावला नाही. माईणकरांच्या तोंडातली चव सरळ खेचून घेतली, सगळी, पहिल्या दिवसापासूनची. त्यांनी भडंग तोंडात टाकून पाहिलं, तर नुसतं कुरकुरत होतं. ग्लासात मात्र सगळं होतं हे त्यांना दिसत होतं. पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली. त्यांनी घाईघाईने ग्लास उचलला, घटाघट प्याले, जिभेवर थोडं काही परत आलं, आणि तळाशी एक घोट राहिला असताना हात सवयीने थांबला.

"अहो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तेवढा प्या. त्यात तुम्हीच आहात."

समोर ताम्हनकर उभे होते. साडूच्या देखत ग्लास रिकामा करायचा म्हणजे त्याची बिअर चांगली झाली असं कबूल करायचं. माईणकरांनी घोटाकडे पाहिलं, मग साडूकडे, मग बायकोकडे. एवढ्याशा घोटासाठी ही बाई चारचौघांत आर्जवं करते याची त्यांना कीव आली.

"ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी ग्लास पुढे सरकवला.

शेडबाळेंनी तो घोट उंच ग्लासात ओतला. ग्लास काठोकाठ भरला. भिंत आता चारी बाजूंनी माईणकरांच्या खांद्यांना टेकली होती, गुळगुळीत आणि गार, आणि तिचा पिवळेपणा कुठेतरी गेला होता. तिच्यातून पलीकडचं दिसत होतं. खुर्ची नव्हती, शिडी नव्हती. डोक्यावर पेवाचं गोल तोंड होतं आणि त्यावर फेस होता.

बाहेरून ताम्हनकरांचा आवाज आला. हा कुणीतरी संपवायला हवा, ते म्हणत होते, घरचंच माणूस असलं तर बरं. वैजयंतीबाईंनी मान हलवल्याचं माईणकरांना काचेतून दिसलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. ही संपवेल. हिने त्यांचं काही कधी वाया जाऊ दिलं नव्हतं.

गोल तोंडावर वैजयंतीबाईंचा चेहरा आला. फेस हलला. त्या सावकाश प्याल्या, एकेक घोट तोंडात धरून, इतक्या लक्षपूर्वक की त्यांच्या हातच्या आमटीकडे आजवर कुणी तसं पाहिलं नव्हतं. माईणकर खाली खाली जात राहिले. खांदे सुटले, छाती सुटली, मोकळं वाटू लागलं. आता ते तळाशी होते, जेमतेम एक घोट.

ग्लास खाली टेकला.

"कशी आहे, वैजूताई?" ताम्हनकरांनी विचारलं.

माईणकर तळाशी पडून वर बघत वाट पाहत होते. त्यांना आठवलं की बाई उरलेलं नेहमी उभ्या राहून खातात, म्हणजे आता त्या उठतील. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या उठल्या.

"ठीक आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

मग काचेला बाहेरून त्यांची दोन बोटं टेकली, नखांत हळद असलेली, आणि ग्लास टेबलावरून पुढे सरकू लागला.