चौथ्या सहीची जागा

मी जरा धापा टाकत बोलतोय, सांभाळून घ्या. मी बास्केटबॉलचा चेंडू. एका जागी बसून गप्पा मारायची मला सवयच नाही.

एकवीस वर्षांपूर्वी जर्मनीच्या फ्रांकन भागातला आमचा महिलांचा संघ व्यावसायिक लीगमध्ये आला, तेव्हा पहिल्या सामन्यासाठी मला आणलं. तेव्हापासून मी संघाच्या पॉइंट गार्डकडे असतो. चेंडू पुढे आणायचा आणि बाकीच्या चौघींनी कुठे धावायचं ते सांगायचं, हे तिचं काम. रीत अशी की जाणारीने माझ्यावर सही करायची आणि एक टप्पा देऊन मला पुढचीकडे सोपवायचं.

पहिली हायके. सकाळी टपाल वाटायची, संध्याकाळी खेळायची. डावांना तिने गावातल्या रस्त्यांची नावं दिली होती. "बानहोफश्ट्रासे!" असं ती ओरडली की सगळ्या उजवीकडे पळत. दुसरी दानियेला, क्रोएशियाची. ती नुसती भुवई उडवायची आणि चौघींना बरोबर कळायचं. तिसरी मोनीक, अमेरिकेची. संघ हरला की मला पोटाशी धरून आईला फोन करायची. सही करताना तिघींचेही हात गार पडले होते. मला सह्या आवडत नाहीत. सही झाली की कोणीतरी कायमचं जातं.

चौथी उर्जा. तिचे वडील शशिकांत जवळच्याच हेर्त्सोगेनआउराख गावात इंजिनिअर. उर्जा तिथेच वाढली. सहा वर्षं मी तिच्या डाव्या हाताखाली उसळलो. यंदा सप्टेंबरमध्ये तिचा गुडघा दुसऱ्यांदा गेला. वय एकतीस. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन, मग नऊ महिने, आणि तरीही खात्री नाही. शनिवारी तिचा निरोप समारंभ ठरला.

सहीसाठी तिने मला घरी आणलं. तीन दिवस ती पेनचं टोपण काढायची आणि परत लावायची. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यात खंडेनवमी आली. तिच्या आईने, कुंदाताईंनी, पूजा मांडली. शशिकांतरावांचं ड्रिल मशीन, लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि मधोमध मी. कुंदाताईंनी ओल्या कुंकवाचं बोट नेमकं तिसऱ्या सहीखालच्या मोकळ्या जागी टेकवलं. माझ्या चामड्याने ते लगेच पिऊन टाकलं. इतक्यात उर्जा फिजिओकडून परतली.

"आई! गेनाऊ, अगदी तिथेच मला सही करायची होती!"

कुंदाताई ओशाळल्या. शशिकांतराव काच पुसायचा फवारा घेऊन धावले आणि मला घासू लागले.

"अहो, राहू द्या, अजून पसरतंय!"

डाग तळहाताएवढा झाला. उर्जा खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "त्याची पूजा कशाला पण? माझं संपलंय ना."

"अगं, अवजार पुजतात ते परत हातात घ्यायचं म्हणून," कुंदाताई म्हणाल्या. "संपलेल्याची पूजा मी कशाला करीन?"

उर्जाने पेन खणात टाकून दिलं.

शनिवारी हॉल खच्चून भरला होता. उर्जा कुबड्यांवर मैदानाच्या मध्यात उभी होती. संघाच्या अध्यक्षांनी पेन पुढे केलं, तिने ते घेतलं नाही. एक टप्पा देऊन तिने मला नव्या पॉइंट गार्डकडे, झुझानेकडे, सोडलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "उसना देतेय. मी परत घेणार आहे." टाळ्या थांबेनात.

ऑपरेशनला आता सात आठवडे झाले. झुझाने चांगली खेळते, माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण ती उजव्या हाताची, आणि मी सवयीने डावीकडे निसटतो, मग ती वैतागते. काल उर्जा सराव बघायला आली, कुबड्यांशिवाय. बाकावर बसली होती. मी तीनदा तिच्या पायांशी घरंगळत गेलो. तिसऱ्यांदा तिने मला उचललं, बसल्या जागीच डाव्या हाताने एक टप्पा मारला आणि झुझानेकडे परत पाठवलं.

उर्जा, गुडघ्यातलं मला काही कळत नाही. तुला जमेल की नाही, तेही ठाऊक नाही. पण सही करू नकोस गं. इतक्यात नको.