धुराच्या ठिपक्यांचा बोका

मित्रांनो, मी एक जुना बोका आहे. पण आजवर एकही उंदीर पकडलेला नाही. मी प्लास्टरचा आहे. इटलीत लुक्का शहराच्या वरच्या डोंगरात आमचे गाव आहे. तिथे ओलिंतो नावाच्या कारागिराने मला साच्यात ओतले. वाळल्यावर मला आडवा धरून त्याने खालून मेणबत्ती फिरवली आणि माझ्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके उमटले. आमच्या गावात मांजरे धुरानेच रंगवत.

गावची माणसे अशा मूर्ती फळीवर मांडत, फळी डोक्यावर घेत आणि देशोदेशी विकायला जात. माझी भावंडे बोटीतून समुद्रापार गेली. माझा कान उडाला होता, म्हणून मी घरीच राहिलो. चुलीवरच्या फळीवर मी ऐंशी वर्षे बसलो. पोरे माझ्या पाठीवरून हात फिरवून शाळेत जात. पुढे पोरे मोठी झाली आणि माझ्याकडे कुणी बघेनासे झाले.

ओलिंतोची नात आर्जिया आता म्हातारी झाली आहे. यंदा तिने घर सोडून मुलाकडे शहरात जायचे ठरवले. तिथे मला जागा नव्हती. जुन्या मूर्ती जमवणारे ग्वाल्बेर्तो रविवारी मला बघायला येणार होते. त्यांनी घेतले तर काचेचे कपाट, नाहीतर उकिरडा.

त्या सकाळी पाहुण्यांसमोर मी नीट दिसावा म्हणून आर्जियाची सून दोरीना मला साबणाच्या पाण्याने पुसू लागली. डावी बाजू पांढरीफटक झाली, तेवढ्यात आर्जिया आत आली.

"अगं बये, काय केलंस हे!"

"आई, केवढी काजळी होती! तुमच्या चुलीनं पार..."

"चुलीनं नाही गं, माझ्या आजोबांनी! ठिपके होते ते!"

दोरीनाने तोंडावर हात नेला. दारात ग्वाल्बेर्तो उभेच होते. त्यांनी मला फिरवून पाहिले आणि खाली ठेवले.

"अर्धाच बोका उरलाय, बाई. आणि आता नवा धूर दिलात, तर हा जुना राहणार नाही."

"जुना नसेना. मांजर तर राहील!" आर्जिया म्हणाली. "दोरीना, मेणबत्ती आण."

"घरात एकच आहे, आई. चर्चमधली, आशीर्वादाची. वादळात लावायला ठेवलेली."

"मग हे काय कमी वादळ आहे?"

आर्जियाने मला आडवा धरून खालून मेणबत्ती फिरवली आणि ठिपके नेमके उठू लागले. "ज्योत टेकवायची नाही. नुसता धूर लागू द्यायचा," ती सांगत होती. शेपटीपाशी ती दमली आणि तिने मेणबत्ती सुनेच्या हातात दिली. दोरीनाचा ठिपका चांगला बटाट्याएवढा उमटला.

"अहो, हा तर डाग!" ग्वाल्बेर्तो हसले.

"तिचा पहिलाच आहे, साहेब," आर्जिया म्हणाली. "माझा पहिला तर बोक्याच्या डोळ्यात गेला होता."

ग्वाल्बेर्तोंनी मला नेले नाही. दोरीनाने मला स्वतःच्या शालीत गुंडाळले, शेजारी ओलिंतोचा साचाही ठेवला. शहरातल्या घरात तिने खिडकीतली कुंडी हलवून मला जागा केली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, की हा मळ आहे, की कुणाच्या हाताचे काम? कालच दोरीनाने नव्या मेणबत्त्या आणल्या. साचा धुऊन उन्हात ठेवला आहे. मला भाऊ होणार आहे.