पाळक येईपर्यंत

“टाका की पाणी, बाई! तुमच्या हाताला काय येशूबाबा रुसतोय?”

भुजंगने भरलेला तांब्या प्रेमलाबाईंपुढे धरला. खोपटात त्याची बायको सिंधू बाळंतज्वराने तापून निपचित पडली होती. तिचे एकच मागणे होते, जाण्याआधी बाप्तिस्मा.

प्रेमलाबाई मिशनच्या बायबलबाई. निजामाच्या मुलखात, चाकूरच्या भोवतालच्या वस्त्यांवर उन्हातान्हात फिरून त्या बायकांना प्रार्थना, गीते आणि मुळाक्षरे शिकवत. शिकवायचे बाईंनी, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन पाळकाने. एकदा पाळक अमृतराव आजारी असताना त्यांनी उपासना चालवली, तर बरे झाल्यावर त्यांनीच चारचौघांत सुनावले होते, “बाई, तुमचं काम वेदीच्या अलीकडं.” तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता.

“मला इख्तियार न्हाई रे, भुजंगा. पाळकसाहेबांना सांगावा धाडलाय. येऊनच राहिले असतील.”

“उदगिराहून कवा येणार साहेब? आन् हिला शिकिवलं कुणी? तुमीच ना?”

सिंधूने डोळे उघडले. “बाई, समदं पाठ हाय आता. म्हणू का?”

प्रेमलाबाईंनी नजर खाली वळवली. सुगीत पाळक आले, तेव्हा ‘ही अजून कच्ची आहे, पुढच्या खेपेला बघू’ असे बाईंनीच त्यांना सांगितले होते. प्रभूच्या प्रार्थनेतल्या एका ओळीला ती अडखळायची, एवढेच.

“म्हण, माय.”

सिंधू म्हणू लागली. कुठेच अडखळली नाही. ‘आमेन’ म्हणून तिने मान जराशी पुढे केली. प्रेमलाबाईंनी तांब्यात बोटे बुडवली, उचलली. पण हात कपाळापर्यंत गेलाच नाही. ओली बोटे त्यांनी तिच्या सुकलेल्या ओठांवरून फिरवली.

“जरा दम धर. येतीलच.”

दिवस कलता कलता सिंधू गेली.

पाळकांची बैलगाडी आली ती दुसऱ्या सकाळी. सारे ऐकून अमृतराव म्हणाले, “अहो, मग घालायचं होतं पाणी. मरणाच्या घडीला कुणीही घालू शकतं. मुभा आहे तशी.”

“मला कुणी सांगितलं न्हाई, साहेब.”

“तुम्ही कधी विचारलं नाही,” ते सहज बोलून गेले, आणि मग बराच वेळ त्यांना बाईंकडे बघवेना.

बाईंना बसायला भुजंगने घोंगडी टाकली. शिवी दिली असती तर सोसली असती, ती घोंगडी सोसवेना.

रविवारी प्रभुभोजन होते. बाप्तिस्मा झालेल्यांनी पुढे बसायचे, शिकाऊ बायकांनी दाराशी, असा तिथला रिवाज. अमृतरावांनी भाकर मोडली आणि पहिल्या ओळीत नजर फिरवली. प्रेमलाबाई तिथे नव्हत्या. त्या दाराशी, चपलांजवळ, सिंधू बसायची तिथे बसल्या होत्या.

“बाई, तुमी हितं कशापायी?” शिकाऊ विठाबाई कुजबुजली. “जावा की म्होरं.”

“बसू दे गं,” प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर आवरून घेतला, आणि अंग चोरून शेजारी एका माणसापुरती जागा केली.