लाभाचा दाणा

मी एक जुनी लोखंडी पायली आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात हरभऱ्याचा एकच दाणा आहे. पायली म्हणजे धान्य मोजायचे गोल, उभट भांडे. आता दुकानांत किलोची मापे आली, मला कोणी विचारत नाही. तरी फुलसावंगीजवळच्या एका तांड्यात, हरिसिंग आणि मोतीबाई यांच्या घरातल्या फळीवर मी बसून आहे, ती त्या एका दाण्यासाठी.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या छप्पन साली माझा जन्म झाला. फुलसावंगीच्या बाजारात अय्यूब मिस्त्रीची भट्टी होती. त्याने पत्रा वाकवला, रिवेट ठोकले, कडेला पट्टी चढवली आणि मला उलटी करून बुडावर टिचकी मारली. मी खणखणले.

"आवाज अच्छा हाय," तो मोतीबाईला म्हणाला. "घेऊन जा, बहन. पण हिला कमी मोजायची आदत लावू नको."

"आमच्या घरी कमी मोजाले हायेच काय, अय्यूबभाई!" मोतीबाई हसली आणि मला डोक्यावर घेऊन निघाली.

तांड्यातली माणसे एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्या फिरण्याला लदेणी म्हणत. ती केव्हाच थांबली होती. हरिसिंगचे आता पैनगंगेच्या काठावर शेत होते, आणि त्यात हरभरा होता. दिवाळीच्या सुमारास नदीतल्या वाळूवर करकोचे उतरायचे. राखी अंगाचे, काळ्या मानेचे, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा तुरा असलेले. हिमालयापलीकडून येत आणि होळीच्या आत परत जात. रात्री वाळूवर झोपायचे, सकाळी उठून शेतात शिरायचे. हरिसिंग गोफण घेऊन त्यांच्या मागे धावे.

एका पौषात गावच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह झाला. बुवांच्या शिध्याचे धान्य माझ्याच मापाने मोजले. केवढे भाग्य ते! मृदंगाजवळच मला ठेवले होते, त्यामुळे शब्दन् शब्द माझ्या पत्र्यात घुमला. बुवा रंगात आले की वीणा छातीशी धरून डोळे मिटत. त्या दिवशी त्यांनी सांगितले की, दारी आलेला पाहुणा आपण निवडलेला नसतो, देवाने निवडलेला असतो. त्याला पंख असले म्हणून तो परका होत नाही. मोतीबाईच्या डोळ्यांना धार लागली. घरी जाताना तिने हरिसिंगच्या कमरेची गोफण काढून घेतली.

"हे काय करून राह्यली?" हरिसिंग थबकला. "तुह्या पाव्हण्यायनं अर्धा हरभरा खाल्ला. आता त्याह्यले आहेर बी करतं काय?"

"करतो न. ते बी लदेणीवालेच हायेत. आपली वाट बंद झाली, त्याह्यची चालू हाय, एवढाच फरक."

पुढच्या हंगामापासून हरिसिंगच्या हातून पेरणीच्या वेळी एक पायली हरभरा पाखरांच्या वाट्याचा म्हणून नदीकडच्या पट्ट्यात वेगळा पडू लागला.

गावच्या शाळेत घनश्याम गुरुजी होते. मूळचे कळंबचे, कीर्तनाचे वेडे. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या शहरातल्या एका मंडळाने देशभरच्या ओळखीच्या माणसांना विनंती केली होती: हिवाळ्यात ठरलेल्या सकाळी आपापल्या नदीवरचे, तळ्यावरचे करकोचे मोजा आणि आकडा कळवा. सगळे आकडे जुळले म्हणजे देशात किती पाखरे उतरली, वाढली की घटली, ते समजेल. आणि जिथे पाखरे खरोखर उतरतात, तिथे बंदुकीला मनाई करणारी पाटी लावण्यासाठी मंडळ सरकारकडे खटपट करणार होते.

गुरुजींना सकाळच्या धुक्यात दिसत नसे. त्यांनी हे काम हरिसिंगला सांगितले.

"पाटी लागंन न, गुरुजी?" मोतीबाईने विचारले.

"लागेल. आकडा तेवढा जाऊ दे दरसाल."

लदेणीच्या काळी तांड्यात बैल विसांनी मोजत. वीस बैल गेले की मापात एक दाणा. पाखरेही तशीच मोजायची ठरली. पहाटे वाळूवरून थवे उठू लागले की हरिसिंग डोळ्यांवर हात धरून वीस-वीसचे गट पाडायचा आणि दर गटाला हाक द्यायचा. मोतीबाई हाकेसरशी माझ्यात एक दाणा टाकायची. पण पहिल्या विसाला तो 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे.

धान्य मोजतानाही पहिल्या मापाला लाभ म्हणतात, हे तुम्हाला घरी कोणी सांगितले असेल. तिथे ते माप धरलेच जाते. बैलांसारखी जिवंत लक्ष्मी मोजताना मात्र तांड्याची रीत निराळी होती. सगळे मोजले तर दृष्ट लागते, म्हणून पहिला वीस देवाचा. त्याचा दाणा मापात टाकायचा नाही, नदीत सोडायचा. मोतीबाई तो दाणा कपाळाला लावून पाण्यात सोडी आणि दुसऱ्या हाकेपासून माझे पोट भरू लागे.

उन्हे वर आली की ती मला उंबरठ्यावर ठेवायची. गुरुजी येत, मला ओंजळीत उपडी करत, दाणे मोजून विसाने गुणत आणि आकडा धाडत. लाभ नदीत गेला, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना हे ठाऊक नसेल, असे त्या दोघांच्या मनातही आले नाही. इतकी साधी रीत कोण कोणाला समजावून सांगतो? शेकड्यांनी पाखरे होती तोवर एका विसाने काही बिघडलेही नाही. मी दरसाल दाण्यांनी खुळखुळत असे. मला तर वाटे, मीच देशाचे आभाळ मोजते आहे.

मग पाखरे घटू लागली. कुठे तळी आटली, कुठे बंदुका वाजल्या. एका हिवाळ्यात मोजणीच्या दिवशी हरिसिंग तापाने फणफणला होता. मोतीबाई एकटीच मला घेऊन नदीवर गेली. धुके विरले. वाळूवरून एकच थवा उठला. वीस-एक पाखरे असतील.

"लाभ," ती हळूच म्हणाली. दाणा कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला.

पुढच्या हाकेची वाट पाहत ती ऊन चढेपर्यंत बसली. वाळू रिकामी होती. मग तिने मला नेहमीसारखे उंबरठ्यावर ठेवले आणि नवऱ्याच्या औषधासाठी फुलसावंगीची वाट धरली.

गुरुजी आले. त्यांनी मला उपडी केले. बुडावर थाप मारली. पुन्हा मारली. घरात डोकावले, तर हरिसिंग ग्लानीत होता.

"एकही नाही," गुरुजी स्वतःशीच म्हणाले. "पांडुरंगा, गेले का रे सगळे?"

त्यांनी उपरण्याने डोळे टिपले आणि जाऊन शून्य कळवले. मित्रांनो, अय्यूब मिस्त्रीने मला आवाज दिला होता, पण तो कोणी वाजवले तरच निघतो.

माघात शिकाऱ्यांची जीप तांड्यातून नदीकडे निघाली. हरिसिंग आता बरा झाला होता. तो आडवा गेला.

"इथं मनाई होणार हाय, साहेब. पाटी येऊन राह्यली."

"कोणती पाटी?" बंदूकवाला हसला. "ती तर दुसऱ्या घाटावर लागली. तुमच्या इथं पाखरूच नाही म्हणतात."

मोतीबाई अंगणात हरभरा मोजत होती. तिने ऐकले मात्र, मला तशीच रिकामी केली, एक दगड उचलला आणि वाळूकडे धावत सुटली. धावता धावता ती दगडाने मला बडवत होती. "उडा रे! उडा, माह्या बापाहो!" मी आयुष्यात इतकी मोठ्याने कधी ओरडले नव्हते. माझ्या कुशीला पडलेला पोचा अजून आहे. थवा उठला. पण बंदुका त्याआधीच वर झाल्या होत्या.

वाचलेली पाखरे नदीवर एक घिरटी घालून उत्तरेला गेली. होळीला अजून अवकाश होता, तरी गेली.

संध्याकाळी गुरुजी धापा टाकत आले. मोतीबाई मला मांडीवर घेऊन बसली होती.

"काहून असं झालं, गुरुजी? आमी तं मोजलं होतं."

"पायलीत दाणा नव्हता, मोतीबाई."

"पण वीस होते न! लाभाचे."

"मग त्याचा दाणा?"

"लाभाचा दाणा पायलीत कोन टाकते, गुरुजी? तो तं देवाचा."

गुरुजी उंबरठ्यावर बसले. हरिसिंग म्हणाला, "गुरुजी, पानी घ्या." गुरुजींनी तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

त्यांनी दुरुस्तीचे पत्र धाडले. पाटी आली, चांगली मोठी, पांढरी. पण ती पावसाळ्यानंतर आली. हरिसिंगने रिकाम्या वाळूच्या काठावर खड्डा खणून ती उभी केली.

त्या हिवाळ्यात मोजणीच्या सकाळी मोतीबाई मला घेऊन पाटीखाली बसली. हरिसिंगही होता, गुरुजीही होते. धुके गेले. वाळूवर एकच करकोचा उभा होता. जोडी नव्हती, थवा नव्हता. मान उंच करून तो इकडेतिकडे पाहत होता. त्याने एक साद घातली. उत्तर आले नाही. मग तो उडाला.

हरिसिंगने हाक दिली नाही. एका पाखराला वीस कसे म्हणावे, आणि लाभ तरी कसे म्हणावे? मोतीबाईने मुठीतला दाणा कपाळाला लावला. हात सवयीने नदीकडे गेला, थांबला आणि माझ्यावर आला. दाणा माझ्या बुडावर पडला.

"एक," ती म्हणाली.

तिने तांड्याची रीत मोडली होती. पण मी बुवांच्या शेजारी बसून कथा ऐकलेली पायली आहे. मला वाटते, देवाचा वाटा त्या दिवशीच देवाला पोचला.

गुरुजींनी 'एक' कळवले. त्यानंतरच्या हिवाळ्यांत वाळूवर कोणी उतरलेले नाही. किलोची मापे आली तेव्हा हरिसिंग मला भंगारात देणार होता. मोतीबाई म्हणाली, "तिच्यात पाव्हणा हाय." अजून दरसाल त्या सकाळी ती मला नदीवर नेते, मुठीत नवे दाणे घेऊन, आणि परत आणते. तोच एक दाणा वाटेने माझ्या पोटात खुळखुळत असतो.

मुलांनो, तुमच्या गावच्या आभाळात कधी उंचावरून ती साद आली, तर हातातले काम ठेवून वर पाहा. आणि मोजाल तेव्हा पहिल्यापासून मोजा.