टेपची मागची बाजू

आमच्या ह्यांच्या गळ्यातल्या टेपची इंचांची बाजू पार पुसट झालीय, आणि सेंटिमीटरची अजून कोरी करकरीत. शिवणाचं दुकान थाटल्यापासून ह्यांनी ती बाजू उलटून पाहिली असेल तर शपथ!

"तसली मापं शाळेत. माणसं इंचातच जन्मतात," असं हे गिऱ्हाइकांना ऐकवायचे. मी शेजारी काजं करत मान डोलवायचे; वाद घालायला वेळ कुणाला होता?

आमची लेक उंच उडी मारते. एकदा सरावावरून आली ती तोंड पाडूनच. संघात जायला दीडशे हवेत आणि तिची उडी एकशे एकोणपन्नासावर अडलेली.

"म्हणजे एकच सेंटिमीटर?" हे हसले. "अगं, एवढं कापड तर मी शिवणीत दाबतो!"

झालं! पोरीने अबोला धरला. ताटात मीठ हवं असलं तरी "आई, त्यांना सरकवायला सांग." ह्यांना घास गोड लागेना.

निवडीच्या दिवशी दुकानाला कुलूप ठोकून आम्ही दोघं मैदानावर गेलो. घाईत टेप ह्यांच्या गळ्यातच राहिली. पोरीने एकशे एकोणपन्नास सहज ओलांडले. मग दांडी एका सेंटिमीटरने वर गेली. पहिल्या उडीत दांडी पडली. दुसऱ्या उडीत टाच लागून पुन्हा पडली. आता एकच संधी.

ह्यांनी टेप उलटी केली आणि त्या एका घरावर नख ठेवलं.

"एवढंच तर आहे गं," म्हणाले, पण आता हसू नव्हतं.

तिसरी उडी. दांडी थरथरली, आम्हीही थरथरलो. आणि थांबली!

"दीडशे!" हे असे ओरडले की पंच दचकले. मी तर रडलेच, त्यात लाज कसली?

पोर गादीवरून उठून थेट ह्यांच्यापुढे उभी राहिली. "म्हणजे किती, बाबा?"

"म्हणजे दीडशे!"

दुसऱ्या दिवशी आमचं एक जुनं, गुटगुटीत गिऱ्हाईक पँट शिवायला आलं. ह्यांनी माप घेतलं. "कंबर एकशे बारा."

"काय?" त्याने पोट आत ओढलं. "अहो, परवापर्यंत चव्वेचाळीस होती! इंचात सांगा ना!"

"इंच फार मोठा असतो हो," हे म्हणाले. "एका इंचात बापाचा जीव अडीच वेळा टांगणीला लागतो."