चार नंबरच्या टेबलावरचं शून्य

आमच्या शेडमध्ये कालवं उघडणाऱ्या बायकांची सहा टेबलं आहेत. चार नंबरच्या टेबलावर माझी आत्या बसते, गेली सव्वीस वर्षं. भिंतीपलीकडे माझी प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे एक सूक्ष्मदर्शक, दोन नळ आणि एक कुरकुरणारा फ्रीज.

त्या हंगामात माझ्याकडे एकच काम होतं: शंभर कालवांमागे किती कालवांत खेकडी निघते, ते मोजायचं. ही खेकडी वाटाण्याएवढी असते. मादी वाढते ती कालवाच्या आत आणि तिथून बाहेर म्हणून पडत नाही. कवच कडक करायची तिला गरजच पडत नाही, म्हणून ते मऊ, जवळजवळ पारदर्शक राहतं. सुरीनं शिंपला उघडताना खेकडी दिसली की बायकांनी ती वाटीत टाकायची आणि टेबलाला अडकवलेल्या पाटीवर खडूनं रेघ मारायची, असं ठरलं होतं.

पहिला आठवडा सगळ्या टेबलांवर रोज सात-आठ रेघा. मग मंगळवारी चार नंबरच्या पाटीवर शून्य. बुधवारी शून्य. गुरुवारीही शून्य.

सगळ्या टेबलांवर कालवं एकाच होडीतली. टेबल बदललं म्हणून समुद्र बदलत नाही. मी कारण शोधलं आणि ते मला लगेच सापडलं: आत्याला एकसष्ट पूर्ण झाली होती. गुरुवारी संध्याकाळी मी तिला म्हटलं, "उद्या तुझे डोळे तपासून घेऊ."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" ती म्हणाली. काळ्या पिशवीचा तुटलेला पट्टा ती काळ्या दोऱ्यानं शिवत होती. दोरा संपला तेव्हा नवा तिनं पहिल्या फटक्यात सुईत ओवला. ते मी पाहिलं, आणि तरी माझं कारण बदललं नाही.

पिशवी रविवारसाठी होती. रविवारी आत्या मावसबहिणीकडे जाणार होती, कायमची. मंगळवारी सकाळी चहा गाळताना तिनं ते सांगून टाकलं. "घर दोन खोल्यांचं. तीन महिन्यांनी बाळ येईल, त्याला जागा नको? ती कधीची बोलावतेय मला."

मी म्हणाले, "तुला हवं तसं कर." मला वाटलं, थकली असेल आमच्यात. मी पाच वर्षांची असताना आई गेली. बाबा दहा-दहा महिने जहाजावर. पंधरा दिवसांसाठी म्हणून आत्या आली, ती तीस वर्षं राहिली. माणसाला कधीतरी कंटाळा यायचाच. 'जाऊ नकोस' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, पण माझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन होतो.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत मी तिला न्यायला गेले. टेबलावर ती नव्हती. धक्क्याच्या टोकाला, शेवाळलेल्या पायरीवर उकिडवी बसली होती. शेजारी जेवणाचा डबा उघडा. आत समुद्राचं पाणी आणि पाण्यात खेकड्या. त्यातली एकेक बोटाच्या टोकावर घेऊन ती खांबाला चिकटलेल्या शिंपल्यांवर ठेवत होती.

"आत्या, हे काय?"

"काही नाही. हात धुतेय."

"डब्यात खेकड्या आहेत."

"आहेत ना? बरं झालं, तुला दिसल्या. आता माझे डोळे तपासायला नकोत."

मी वरच्या पायरीवर बसले. सहा महिन्यांच्या पोटासकट बसायला जरा वेळच लागला. "पाटीवर शून्य का लिहिलंस?"

तिनं डब्यातली आणखी एक खेकडी बोटावर घेतली. "कुणाच्या घरी कोण राहतं, याची मोजणी कशाला करायची मास्तरीणबाई? नवी जागा मिळते का बघतेय बिचाऱ्यांना. पण एक दार उघडत नाही. टकटक केलं, तरी नाही."

तेव्हा मला सोमवारची रात्र आठवली. जेवताना माझा नवरा विचारत होता, "पण ही खेकडी आत बसून करते काय? काही कामधाम?"

"कसलं काम! कालवानं गोळा केलेलं आयतं खाते," मी म्हणाले होते. "आणि मालक वाळत जातो. वजन घटतं त्याचं."

"आयतोबाच की! आणि नर?"

"नर कडक कवचाचा, फिरता. आतल्या मादीसाठी तो शिंपल्याची कड तासन्‌तास कुरवाळत बसतो, फट पडेपर्यंत."

"अगदी आमचे जावईबापू," आत्या म्हणाली होती. "आमच्या दारात किती संध्याकाळी उभे होते!" आम्ही तिघं हसलो होतो. हसून झाल्यावर तिनं आपल्या ताटातला अर्धा भात परत पातेल्यात टाकला होता. तेही मी पाहिलं होतं. सोमवारचं बोलणं, मंगळवारचा चहा आणि मंगळवारचंच शून्य. इतकी जवळजवळची तीन निरीक्षणं मी तीन वेगळ्या वह्यांत ठेवली होती.

"आत्या," मी म्हणाले, "वजन घटतं हे खरं आहे. तुझ्यासाठीसुद्धा ते मी खोटं म्हणणार नाही."

"कोण म्हणतंय खोटं बोल? म्हणून तर निघालेय."

"चल माझ्याबरोबर. काट्यावर."

"कशाला?"

"चल म्हणते ना."

शेडच्या दाराशी कालवांच्या टोपल्यांचं वजन करायचा मोठा काटा आहे. मी आत्याला त्यावर उभं केलं. त्रेचाळीस किलो. मग मी चढले. एकाहत्तर. डबे खात बसलेल्या बायका घास हातात धरून बघायला लागल्या.

"पोटुशी बाई काट्यावर चढवून पुरावा दाखवतेस मला?"

"पोट वजा कर. हवं तर दहा किलो. तरी अठरा किलोंचा फरक." थांबले असते तर पुन्हा बोलले नसते. "तीस वर्षं कुणी कुणाच्या ताटातलं खाल्लं? मी कॉलेजला होते तेव्हा हिवाळ्यात कोण दोन पाळ्या बसायचं या टेबलावर? हा अंगठा कुणाचा चिरलाय? तू मोजणी उलटी केलीस, आत्या. कालव तू आहेस. खेकडी मी. कालवच पिशवी घेऊन निघालं, तर मी कुठं जाऊ?"

तीन नंबरची म्हातारी म्हणाली, "बरोबर आहे. गुबगुबीत तर तीच आहे." सगळ्या जणी फिस्सकन हसल्या.

आत्या हसली नाही. तिनं ओल्या हातानं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. हाताला समुद्राचा वास होता. तोच, पाच वर्षांची असल्यापासूनचा.

"मऊ कवचाची तर तू पहिल्यापासूनच," ती म्हणाली. "जरा धक्का लागला की रडायचीस." मग काट्याकडे बघत, "पाळणा कुठं ठेवणार आहात?"

"खिडकीपाशी."

"खिडकीपाशी? वारा लागेल पोराला. अक्कल विकून आलात का दोघं? माझ्या खाटेशेजारी ठेवायचा."

"रविवारी?"

"रविवारी कशाला, बाळाला अजून तीन महिने आहेत ना? रविवारी खाट सरकवायची. जावईबापूंना सांग, कुठं बाहेर जाऊ नका म्हणावं."

ती चार नंबरच्या टेबलाशी गेली, पदरानं पाटी पुसली आणि खडू माझ्या हातात दिला. "लिही. मंगळवारी आठ. बुधवारी सहा. गुरुवारी नऊ. आज आत्तापर्यंत पाच, त्यात एक नर."

तिला सगळं तोंडपाठ होतं.

"नर कशावरून?"

"टणक होता," आत्या सुरी पुसत म्हणाली, "आणि मेला वाटीत थांबेचना. जावयासारखं त्याला आत यायचं होतं की बाहेर जायचं होतं, काही कळेना."

मी पाच लिहिलं आणि पुढे कंसात, एक नर.